नापास शून्य

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

यंत्र लावूनही तुला आता फोनवरचं ऐकू येत नाही असं बाबा म्हणाले, म्हणून यापुढे पत्र. तीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून निवृत्त झाल्यावर तू घरात एकही ठेवला नाहीस, तेव्हा कागद आणि पाकीट यांना पर्याय नाही. आतोबांची दृष्टी अधू झाल्यापासून पत्रं तूच त्यांना वाचून दाखवतेस हेही कळलं. म्हणून कामाचं सगळं सोपं करून लिहीन. तुला पोरकट वाटलं तर तेवढं सोसून घे.

तुझ्या जुन्या मजल्यावर मला पाच महिने झाले. आजवर काम बरं होतं. मागच्या सोमवारी मला टेस्टचं फोल्डर सोपवलं आणि तेव्हापासून जेवण जात नाही.

आतोबा, हे तुमच्यासाठी. तुमच्या उशाशी जो औषधाचा पंप आहे, त्याच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती नीट वागते की नाही हे पाहायला आम्ही छोटे प्रोग्राम लिहितो. प्रत्येक प्रोग्राम तिला एकेक प्रश्न विचारतो, तुम्ही भूगोलाच्या तोंडी परीक्षेत विचारायचात तसा. हे प्रश्न विचारणारे प्रोग्राम आधी तयार करावे लागतात, त्याला बिल्ड म्हणतात. कशातून काय, कोणत्या क्रमाने तयार करायचं याचे नियम एका फाइलीत लिहिलेले असतात. त्या नियमांची साफसफाई हे माझं काम.

बेसिनखालची जाळी उघडल्यावर हाताला काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. केस, साबण, कसला तरी राखाडी चोथा. ओढायला लागावं तर संपतच नाही, आणि वास बोटांना राहतो. हे तसं आहे. एकच नियम एक्केचाळीस ठिकाणी उतरवलेला, त्यातल्या नऊ ठिकाणी चुकीचा. एक नियम अशी फाइल मागतो, जी सहा वर्षांपूर्वी पुसली गेली. एक नियम जे तयार करतो, ते पुढचा नियम पुसून टाकतो. एका ठिकाणी शेरा आहे: ‘हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.’ खाली नाव नाही. असं लिहून उठून चहाला जाणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो आणि किळस येते.

आमच्या विभागप्रमुखाला सगळे इस्त्री म्हणतात. शर्टाला सुरकुती नाही, बोलण्यालाही नाही. माझ्या कीबोर्डला हात लागला की खिशातून बाटली काढून बोटं पुसतो. त्याला हे एक्केचाळीस नियम दाखवले. तो म्हणाला, चालतंय ना, मग कशाला उकरता. तुझ्याच हाताखाली तयार झाला म्हणे. विश्वास बसत नाही.

दारासमोर अजून तो बोर्ड आहे. तुझा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत ‘नापास शून्य’. दर वर्षी त्याखाली नवीन आकडा चिकटवतात. यंदा अकरा.

तू असतीस तर कुठून सुरुवात केली असतीस?

तुझी,
कंपासपेटी

९ फेब्रुवारी

चि. कंपासपेटीस अनेक आशीर्वाद.

हे नाव मीच ठेवलं, आठवतं का? दुसरीत होतीस. जेवायला बसल्यावर ताट, वाटी आणि आजोबांचं टक्कल यांचा व्यास मोजला होतास. टक्कल वाटीएवढं निघालं म्हणून तुझे बाबा तुला ओरडले आणि आजोबा आठवडाभर टोपी घालून जेवले.

पत्र यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आमचं आता छान चाललंय. मी बोलते, ते ऐकतात. त्यांना काही म्हणायचं असलं की औषधाच्या तक्त्यामागे भल्यामोठ्या अक्षरांत लिहितात, मी वाचते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमची भांडणं शेजाऱ्यांना ऐकू जात नाहीत. तुझं पत्र ऐकून त्यांनी लिहिलं, ‘पोरीला जेवायला सांग. गटार उद्याही तिथेच असेल.’

त्यांचं अंथरूणच आता घर. डाव्या हाताला पंप, उजव्या हाताला खिडकी. पंप थेंब थेंब देतो आणि ते रस्त्यावरच्या सायकली मोजतात. दर रविवारी त्यांचं अंग पुसून झालं की मी पंपही बंद करते, फडक्याने पुसते, परत चालू करते. दोन मिनिटांचं काम. ‘यंत्रालाही आंघोळ?’ असं लिहून चिडवतात. पंप घरी येऊन चार वर्षं झाली, एक रविवार चुकलेला नाही.

आता तुझं काम. ऐकशील तर सांगते. जुने नियम उपसत बसू नकोस. शेजारी नवी फाइल कर, नवे नियम लिही, जुनी तशीच राहू दे. कोणी लिहिलं, कधी, कशासाठी, यात शिरू नकोस. त्या मजल्यावर माणसं आली, गेली, घाईत होती, कोणाचं मूल आजारी होतं. प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी एक दुपार असते. तुझ्या नाकाला वास फार लवकर येतो. घरातही यायचा.

इस्त्रीला टाकून बोलू नकोस. मुलगा सरळ आहे. मुलगा काय, चाळिशी ओलांडली असेल आता. हात पुसतो कारण त्याच्या त्वचेला कसलीशी खाज आहे. विचारलंस तर सांगेल.

डबा पूर्ण संपवत जा.

तुझी,
आत्या

१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

डबा संपवते. त्या फाइलीसमोर बसून नाही, जिन्यात बसून.

नवी फाइल शेजारी लिहिली नाही. गटारावर गालिचा घालणं मला जमणार नाही. एकेक नियम उलगडत गेले आणि काल दुपारी घड्याळाच्या फोल्डरपाशी पोचले.

आतोबांसाठी पुन्हा सोपं करते. पंपाला वेळ कळते ती आतल्या एका घड्याळावरून. पुढचा थेंब केव्हा सोडायचा हे तेच ठरवतं. त्या घड्याळाला प्रश्न विचारणाऱ्या अडतीस टेस्ट आहेत. त्या तयार करणाऱ्या नियमाच्या ओळीच्या सुरुवातीला एक छोटी आडवी रेघ आहे. तिचा अर्थ असा: ही पायरी फसली तरी थांबू नको, पुढे चल. आणि फसताना जी आरडाओरड होते ती सगळी कचऱ्यात टाकायची सोय त्याच ओळीच्या शेवटी केलेली आहे. म्हणजे तोंडात बोळा कोंबायचा आणि वर पंखा मोठा करायचा.

ती रेघ मी माझ्या मशीनवर काढून पाहिली. अडतीसपैकी एकही टेस्ट तयार होत नाही. फसते आणि थांबते. कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या ओळींतून प्रोग्राम तयार करणारं अवजार, बदलला तेव्हापासून हे असं असणार. टेस्ट चालवणारा प्रोग्राम फोल्डरमध्ये जे तयार सापडेल तेवढंच चालवतो. सापडलं काहीच नाही, म्हणून नापासही कोणी नाही. रिपोर्टमध्ये छापून येतं: घड्याळ, नापास शून्य. परीक्षेला एकही मूल बसलं नाही आणि शाळेने शंभर टक्के निकाल लावला. किती टेस्ट चालल्या हा रकाना त्या रिपोर्टमध्ये नाहीच. अकरा वर्षं कोणी तो मागितला नाही.

आत्या, त्या बोर्डाखाली लोक उभे राहून फोटो काढतात.

ओळ कोणाची हे नोंदीत दिसतं. नाव इस्त्रीचं आहे. मला आश्चर्य वाटलं नाही. फक्त शिसारी आली, तो रोज सकाळी ज्या कपातून पाणी पितो त्या कपाचीसुद्धा. सुरकुती खपत नाही त्या माणसाला, आणि हे खपलं.

पंपाची नवी आवृत्ती एक मार्चला बाहेर पडायची आहे. तिच्या टेस्ट रिपोर्टवर सही माझी लागते. मी ती करणार नाही. त्याऐवजी २८ तारखेला वेगळा अहवाल देईन, ओळ आणि नाव दोन्ही घालून. तोवर त्या अडतीस टेस्ट तयार होतील असं बघते.

तू त्याला ओळखतेस. तेव्हाही असाच होता का?

तुझी,
कंपासपेटी

२४ फेब्रुवारी

चि. कंपासपेटीस आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. उशीर माझाच. डोकं जड होतं, डाव्या डोळ्यासमोर जाळं येतं, डॉक्टर बघू म्हणाले. यांना पत्र वाचून दाखवलं, थोडं गाळून. आजारी माणसाला त्याच्या पंपाच्या घड्याळाच्या गोष्टी सांगून काय करायचं?

तू विचारलंस तो कसा होता. सांगते. कामाला लागला तेव्हा त्याच्याकडे दोनच शर्ट होते, म्हणून रोज धुऊन इस्त्री करायचा. नाव तिथून पडलं. काही समजलं नाही तर विचारायचा, समजेपर्यंत विचारायचा. माझं वाक्य वहीत उतरवून घ्यायचा. मला त्याची लाज वाटायची, इतकं मन लावून ऐकायचा.

तेव्हा एक मागणं आहे. अहवालात चूक लिही, ओळ लिही, कशी दुरुस्त केलीस तेही लिही. नाव लिहू नकोस. नावाने टेस्ट तयार होत नाहीत. एक मार्चची आवृत्ती थांबवायची तर थांबव, तुझ्या जागी मीही थांबवली असती. पण नाव घालू नकोस. अहवाल द्यायला चार दिवस उशीर झाला तर आकाश कोसळणार नाही. चार दिवस थांब. मी तुला सविस्तर लिहीन.

आज इथे ऊन चांगलं आहे. यांनी सकाळपासून तेहतीस सायकली मोजल्या.

आत्या

११ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र एक मार्चला मिळालं. अहवाल २८ तारखेला दिला होता, नावासकट. तुझ्या पत्राने फरक पडला असता असंही मी म्हणणार नाही.

आवृत्ती थांबली. चार तारखेला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं, त्याला आणि मला. मोठी काचेची खोली, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. पडद्यावर ती एक ओळ लावलेली, एवढी मोठी की रेघ हातभर दिसत होती. त्याला विचारलं, ही तुमची का? त्याने ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, “ओळ माझ्या नावावर आहे, हे खरं आहे.” संध्याकाळपर्यंत त्याचं टेबल रिकामं. खणात घडी घातलेलं एक पिवळं फडकं तेवढं राहिलं. ते मी चिमटीत धरून टाकून दिलं.

जाताना जिन्यात भेटला. म्हणाला, “आत्यांना विचारलं होतंत का?” मी म्हटलं, माझ्या आत्याचा यात काय संबंध? तो मान हलवून उतरून गेला. बाईमाणसाच्या नावाआड लपणारा, असं मला वाटलं.

टेस्ट सहा तारखेला तयार झाल्या. अडतीसपैकी सात नापास. सहा किरकोळ आहेत. सातवी लिहिते.

पंप एकदा चालू केला की त्याचं घड्याळ शून्यापासून मोजू लागतं. मोजायला जागा ठरावीक आहे. एकोणपन्नास दिवस, सतरा तास आणि दोन मिनिटं झाली की जागा संपते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पुढच्या थेंबाची वेळ मात्र जुन्या हिशेबातली असते. पंपाला वाटतं, अजून एकोणपन्नास दिवस आहेत. तो थांबतो. दिवा हिरवाच राहतो. गजर होत नाही. बंद करून चालू केला की पुन्हा शहाण्यासारखा वागतो.

रुग्णालयात पंप रोज या खाटेवरून त्या खाटेवर जातात, बंद होतात, चालू होतात, म्हणून तिथे हे कोणाला दिसलं नाही. घरी बसवलेले पंप हलत नाहीत. तसे तीन हजारांवर आहेत. तक्रारींचं दप्तर मागवून घेतलं. ‘पंप आपोआप थांबला, बंद-चालू केल्यावर ठीक’ अशा सव्वीस तक्रारी. सव्वीसच्या सव्वीस ‘घरच्या माणसांची हाताळणी चुकली’ असा शेरा मारून मिटवलेल्या. त्यातल्या दोन कागदांवर शेवटच्या रकान्यात लिहिलं आहे: ‘उपकरण परत. गरज उरली नाही.’

त्या दोन कागदांवरची नावं मी वहीत उतरवून घेतली.

आता महत्त्वाचं. सर्वांना सूचना जाईलच, पण तू वाट बघू नकोस. आतोबांचा पंप एकोणपन्नास दिवसांच्या आत एकदा तरी बंद करून

एवढं लिहून पेन खाली ठेवलं. तुझं नऊ फेब्रुवारीचं पत्र खणातून काढून पुन्हा वाचलं.

दर रविवारी. चार वर्षं. एकही चुकलेला नाही.

पंप पुसायला तो बंद करावा लागत नाही, आत्या. पंपाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय, चालू असताना पुसता येतो.

का, ते सांग. यावेळी गाळू नकोस.

१६ मार्च

चि. पोरी,

सांगते.

अकरा वर्षांपूर्वी नवा कंपायलर आला. घड्याळाच्या टेस्ट फुटल्या. ज्याने त्या लिहिल्या होत्या तो नोकरी सोडून गेला होता. आवृत्ती त्या शुक्रवारी द्यायची होती आणि बाकी सगळं तयार होतं. जेवणाच्या सुट्टीआधी मी ती रेघ टाकली. सोमवारी काढीन म्हटलं. खोटं नाही सांगत, माझ्या कॅलेंडरवर त्या सोमवारी ‘रेघ’ असं लिहिलेलं होतं. सोमवारी वरच्या मजल्यावरून माणसं आली, हात मिळवले, विभागात पहिल्यांदाच नापास शून्य आलं होतं. फोटो काढला. तोच बोर्डावर आहे. फोटोत मी हसत नाही, नीट बघ.

एक सोमवार गेला की दुसरा सोपा जातो.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं तेव्हा हिंमत करून टेस्टचा कोड नुसता वाचला. एकोणपन्नास दिवस मला दहा मिनिटांत दिसले. अर्ध्या पानावर दुरुस्ती लिहिली. ती द्यायची म्हणजे विकलेले सगळे पंप परत बोलवायचे आणि का, ते सांगायचं. कागद पर्समध्ये राहिला. निरोपाच्या दिवशीही पर्समध्येच होता. मला घड्याळ भेट दिलं होतं.

पुढच्या वर्षी त्यांनी सगळा कोड जुन्या यंत्रणेतून नव्यात हलवला. हलवणाऱ्याचं नाव प्रत्येक ओळीवर लागतं, हे तुला कळायला हवं होतं. हलवणारा इस्त्री. तो मुद्दाम घरी आला, वही घेऊन. म्हणाला, घड्याळाच्या टेस्ट तयारच होत नाहीत, ही रेघ कशाला आहे? मी म्हटलं, ते फोल्डर जुनं आहे, राहू दे. त्याने ‘राहू दे’ असं वहीत लिहून घेतलं.

चार वर्षांपूर्वी यांना पंप लागला. माणूस खोका घेऊन आला, मी खोक्यावरचं नाव वाचलं आणि दारातच बसले. दुसरा मागता आला असता. कारण विचारलं असतं. म्हणून रविवार.

सव्वीस कागदांचं मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हण.

आता तुला पूर्ण कळलं आहे. सूचना निघेल, पंप सुधारतील, काम झालं. इस्त्री हुशार आहे, त्याला दुसरीकडे नोकरी मिळेल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची बायको आहे, मला हा एक फोटो आहे. तुझ्या बाबाने त्याची प्रत बैठकीच्या खोलीत लावली आहे. यांना मी काही सांगितलेलं नाही. हे पत्र वाचून फाडून टाक.

आत्या

२३ मार्च

ती. आत्या यांस,

पत्र फाडलेलं नाही.

इस्त्रीच्या घरी गेले होते. तिसरा मजला, दाराशी चपला ओळीत. त्याने दार उघडलं तेव्हा अंगात चुरगळलेला शर्ट होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, “मलाही वाटायचं, काहीतरी चुकतंय. पण ज्यांनी शिकवलं त्यांनी राहू दे म्हटलं होतं.” वही दाखवली. तारीख आहे, तुमचं वाक्य आहे. वरच्या मजल्यावर ही का नाही दाखवलीत, असं विचारलं. त्याने माझ्यासाठी खुर्ची पुसली. मला त्याचाही राग आला. सात वर्षं एका वाक्यावर झाकण ठेवून बसला. निष्ठेला असा वास येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

आणि माझं. नोंदीत नाव दिसलं, मी ते उचलून अहवालात टाकलं. कोड एका यंत्रणेतून दुसरीत हलवला की नाव बदलतं, हे मला येतं. तपासलं नाही, कारण तो माणूस मला आवडत नव्हता. जुनी यंत्रणा तळघरात अजून चालू आहे. तिथे जाऊन बघायला अर्धा तास लागला असता. वीस तारखेला गेले, तेवीस मिनिटं लागली. ओळीवर तुमचं नाव आहे, वार शुक्रवार, वेळ बारा पन्नास.

दुरुस्त अहवाल लिहून ठेवला आहे. त्यात माझी चूक पहिल्या परिच्छेदात आहे. तुमची दुसऱ्यात. सोबत प्रत पाठवते. खाली तुमच्यासाठी जागा सोडली आहे. तुम्ही स्वतः लिहून पाठवलंत तर दुसरा परिच्छेद मी काढून तिथे तुमचं पत्र जोडीन. दहा एप्रिलपर्यंत काही आलं नाही तर अहवाल आहे तसा जाईल.

घरच्या पंपांसाठीची सूचना काल निघाली. ती लिहायला त्यांना त्या पंपाची खडानखडा माहिती असलेला माणूस हवा होता. तसा एकच आहे, इस्त्री. त्याला दोन दिवसांसाठी बोलावलं. पंप आठवड्यातून एकदा बंद करून चालू करावा, असं आम्ही लिहिलं. लोक वार ठरवून दिला तर विसरत नाहीत, असं तो म्हणाला. कोणता वार, असं त्याने मला विचारलं. मी रविवार सांगितला.

आतोबांना नमस्कार.

३० मार्च

चि. कंपासपेटीस,

तू मला तुम्ही म्हणालीस. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पत्र उलटं करून पत्ता पाहिला, दुसऱ्या कोणाचं तर नाही ना.

तुझ्या ऑफिसला पत्र आज टाकलं. रजिस्टरने, पावती आहे. पानभर आहे. रेघ, सोमवार, पर्समधला कागद, इस्त्रीला दिलेलं उत्तर, रविवार. रविवार लिहिताना दोनदा कागद बदलला. तो अर्ध्या पानाचा कागदही जोडला आहे. घड्या पडलेल्या जागी शाई उडाली आहे, पण दुरुस्ती वाचता येते. तुमच्या दुरुस्तीशी जुळते का बघ. जुळेल. बोर्ड उतरवा असंही लिहिलं आहे. तुझ्या बाबाला मीच कळवीन, तू मध्ये पडू नकोस.

इस्त्रीला वेगळं लिहिलं. त्याचं उत्तर येईल अशी अपेक्षा नाही.

काल रविवार होता. यांचं अंग पुसलं. मग पंप बंद करायच्या आधी खुर्ची ओढून बसले आणि तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचून दाखवली. माझ्याही पत्रांत काय होतं ते सांगितलं. काही गाळलं नाही, तो दोन कागदांचा रकानाही नाही. तासाभरात खिडकीतून कितीतरी सायकली गेल्या असतील, यांनी एकही मोजली नाही. वाचून झालं तेव्हा मी उठून पंप बंद केला, पुसला, चालू केला. त्यांनी तक्ता मागितला. बराच वेळ लिहीत होते, अक्षरं मोठी काढावी लागतात. कागद माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे वळले.

तो कागद सोबत पाठवायचा होता, पण अजून माझ्याकडेच ठेवला आहे. त्यावर एवढंच आहे:

‘बाकीच्यांचा रविवार कोण करत होतं?’

कालपासून तक्ता माझ्यासमोर आहे, पेन्सिलही आहे. बोलून सांगता येईल, त्यांना ऐकू येतं. अजून काही सांगितलेलं नाही.

आत्या